माळव्याची वेळ: पुणे परिसरातील भाजीपाला लावणीच्या काळाचा आढावा

भाजीपाल्याची लावणी कधी करावी, हा प्रश्न वरवर पाहता दिनदर्शिकेचा वाटतो आणि शेतीविषयक बहुतेक पुस्तिकांत त्याचे उत्तरही त्याच स्वरूपात दिलेले असते: खरिपासाठी जून-जुलै, रब्बीसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर, उन्हाळी पिकासाठी जानेवारी-फेब्रुवारी. ही मांडणी चुकीची नाही. पण ती अपुरी आहे, कारण बी जमिनीत कधी जाते एवढेच तिच्यातून कळते आणि पिकाच्या आयुष्यातला जो आठ-पंधरा दिवसांचा काळ खरा जोखमीचा असतो, तो कोणत्या हवेत येणार याविषयी ती काहीच सांगत नाही. टोमॅटोच्या बाबतीत हा काळ फुलोऱ्याचा असतो, कांद्याच्या बाबतीत गड्डा धरण्याचा, फुलकोबीच्या बाबतीत शेंड्याचे पाने फोडणे थांबून तेथे गड्डा बसण्याचा, तर मेथी-कोथिंबिरीच्या बाबतीत उगवणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा. पुणे परिसरातील जुना अनुभव, गेल्या शंभर वर्षांतील संशोधन आणि बाजाराचा व्यवहार एकत्र ठेवून पाहिले, तर एकच सूत्र वारंवार हाती लागते, ते असे की लावणीची तारीख या नाजूक अवस्थेपासून मागे मोजत आणून ठरवावी लागते.

हे सूत्र पुण्याला विशेष लागू पडण्याचे कारण येथील हवामानात आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे घाटमाथ्यावर ढग रिते झाल्यानंतर पाऊस एकदम घटतो त्या पट्ट्यात वसलेले आहे. लोणावळ्याला वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस साठ-पासष्ट किलोमीटर अंतरावरील शिवाजीनगरला ७०० ते ७५० मिलिमीटरवर येतो आणि दौंड, बारामती, इंदापूर या पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांत ५०० मिलिमीटरच्या आसपास उरतो. या प्रदेशाला वाळवंट म्हणता येणार नाही. परंतु मार्चच्या मध्यापासून मृगापर्यंतचे अडीच-तीन महिने येथील रोपाला जी हवा सोसावी लागते, ती वाळवंटी हवेच्या फार जवळची असते. एप्रिलमध्ये कमाल तापमानाची सरासरी ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. ३० एप्रिल १८९७ रोजी पुण्यात ४३.३ अंशांची नोंद झाली होती आणि २०१९ च्या एप्रिलअखेरीस पारा पुन्हा ४३ अंशांपर्यंत पोहोचला. उघड्या भांड्यातून दिवसभरात किती पाणी उडून जाते यावरून हवेची तहान मोजतात, त्याला बाष्पीभवनाचा दर म्हणतात. हा दर डिसेंबरात दिवसाला साडेतीन-चार मिलिमीटर असतो, तर मे महिन्यात नऊ-दहा मिलिमीटरपर्यंत जातो. गुंठाभर क्षेत्राच्या, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटरच्या हिशेबात ही तहान हिवाळ्यात दिवसाला चारशे लिटरची आणि वैशाखात नऊशे लिटरची होते. तेव्हा एकच भाजी दोन वेगळ्या तारखांना लावणे म्हणजे पाण्याच्या दृष्टीने दोन वेगळी पिके घेण्यासारखेच आहे.

खऱ्या वाळवंटात या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ सोपे असते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहराभोवती टोमॅटोची रोपे फेब्रुवारी-मार्चच्या मोजक्या आठवड्यांत लावून कडक उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच फळे धरवून घ्यावी लागतात, आणि पालेभाज्यांची पेरणी ऊन उतरल्यावर शरदात होते. मधला काळ जवळपास रिकामा जातो. थारच्या वाळवंटात गवार, मटकी, काचरी आणि मतीरा ही पिके पहिल्या पावसाबरोबर पेरली जातात आणि पाऊस संपता संपता हाती येतात; तेथील कोरडवाहू शेतीचा अभ्यास जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत १९५९ पासून चालत आला आहे. पुण्याची गोष्ट निराळी होते ती दोन कारणांनी. एक तर येथे उन्हाळ्याच्या रात्री बऱ्याच उतरतात. एप्रिलमध्ये दिवसा ३८ अंश असले तरी पहाटे पारा विसाच्या आसपास येतो. दुसरे असे की मृगानंतर आभाळ भरून आले की जुलै-ऑगस्टमध्ये कमाल तापमान २८ अंशांच्या आसपास स्थिरावते. उन्हाळ्यानंतर लगेच येणारा हा ढगाळ गारवा वाळवंटाला लाभत नाही. पुणे जिल्ह्यातील माळव्याचे, म्हणजे भाजीपाल्याचे, जे काही वैशिष्ट्य आहे ते या दोन सवलतींच्या जोरावर उभे आहे.

लावणीच्या वेळेचे सर्वांत जुने शास्त्र नक्षत्रांचे होय. येथे नक्षत्र म्हणजे चंद्राचे रोजचे नक्षत्र नव्हे. सूर्य ज्या नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो, ते पावसाचे नक्षत्र. मे महिन्याच्या पंचविशीत रोहिणी, ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, मग पुनर्वसूचा ‘तरणा’ आणि पुष्याचा ‘म्हातारा’ पाऊस, सप्टेंबरच्या शेवटी हस्त, त्यानंतर चित्रा आणि स्वाती, अशी ही माळ आहे. या पद्धतीतील शहाणपण सहसा नीट लक्षात घेतले जात नाही. मराठी महिने चांद्र असल्यामुळे दसरा किंवा दिवाळी ऋतूच्या मानाने वर्षावर्षाला पंधरा-वीस दिवस मागेपुढे होते आणि अधिक महिना आल्यावर हे अंतर भरून निघते. शेतकऱ्याने सण चांद्र महिन्यांवर ठेवले, पण पेरणी सूर्याच्या नक्षत्रांवर बांधली, आणि त्यामुळे त्याचा हंगाम कधी ढळला नाही. मात्र या हिशेबात एक संथ सरक आहे. पृथ्वीचा अक्ष सावकाश डुलत असल्यामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे ७१-७२ वर्षांत एक दिवस पुढे जातो, त्यामुळे शिवकाळातील मृग आजच्यापेक्षा चार-पाच दिवस आधी येत असे. एवढ्या फरकाने पेरणी बिघडत नाही. तथापि नक्षत्रांची तारीख निसर्गाने कायमची कोरून ठेवली आहे, असे मानण्यालाही मग आधार राहत नाही. शिवाय ही माळ मुळात पावसाची आहे. हस्ताचा पाऊस ओसरून जमिनीला वाफसा आला, म्हणजे माती पायाला न चिकटता हाताने भुसभुशीत होईल इतकी ओल तिच्यात राहिली, की रब्बीचे माळवे लावावे, इथपर्यंत ती साथ देते. हिवाळी आणि उन्हाळी भाज्यांच्या अंतर्गत वेळापत्रकाबद्दल ती गप्प आहे.

तरीही या वेळापत्रकाची एक जुनी नोंद पुण्याच्या घराघरांत दरवर्षी ताटात वाढली जाते. संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या भोगीच्या भाजीत वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे हे सारे एकत्र येते, कारण जानेवारीच्या मध्याला हे सारे एकाच वेळी भरात असते. संक्रांत ही सूर्याच्या मकरप्रवेशाशी बांधलेली असल्यामुळे तिची तारीख फारशी हलत नाही, आणि म्हणून या भाजीपासून मागे मोजता येते: गाजराची पेरणी ऑक्टोबरात, वांग्याच्या रोपांची लावणी सप्टेंबरच्या आगेमागे. पावट्याच्या बाबतीत मात्र हे मोजमाप फसते आणि ते का फसते, हे समजून घेण्यासारखे आहे. पावट्याच्या गावरान जाती दिवसाच्या लांबीवर चालतात. वेल जूनमध्ये लावला काय किंवा ऑगस्टमध्ये लावला काय, दिवस पुरेसा लहान झाल्याखेरीज त्याला फुले येत नाहीत. पुण्याचा सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो. हा सव्वादोन तासांचा फरक माणसाला जाणवत नसला तरी पावट्याला पुरतो. लवकर लावलेल्या वेलाचा मांडव अधिक भरतो एवढेच. शेंगांची वेळ मात्र ठरलेलीच राहते.

वनस्पतीच्या पातळीवरील हवेचा भारतातील पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तोही पुण्यातच. १९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले, ज्याची आठवण शिवाजीनगरातील ‘सिमला ऑफिस’ हे नाव अजून टिकवून आहे, आणि १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली येथे कृषिहवामान विभाग उभा राहिला. कृषी महाविद्यालयाच्या आवारातील निरीक्षणांवरून रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे दाखवून दिले, ते भाजीपाल्याच्या लावणीशी थेट जोडलेले आहे. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली नसते. ती जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर असते, आणि हवामानशास्त्रात या पट्ट्याला आजही ‘रामदास थर’ म्हणून ओळखतात. वेधशाळेतील तापमापक सव्वा मीटर उंचीवर टांगलेला असतो, तर रांगत्या टोमॅटोचा किंवा मिरचीचा फुलोरा नेमका त्या थंड थरात असतो, त्यामुळे वर्तमानपत्रात ९ अंश छापून येतात तेव्हा फुलाने त्याहून कमी सोसलेले असण्याचा संभव असतो. दुसरे काम मातीचे. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पुढे तापतो. तिच्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिला तर ऊन परावर्तित होऊन खालची माती लक्षणीय थंड राहते, हे १९३० च्या दशकात पुण्यात प्रयोगाने सिद्ध झाले. आज वाफ्यावर अंथरल्या जाणाऱ्या चंदेरी मल्चिंग कागदामागचे आणि त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या अंथरल्या गेलेल्या उसाच्या पाचटामागचे तत्त्व त्याच्याशी जुळणारे आहे. लावणीचा काळ ठरवताना हवेबरोबर मातीचेही तापमान पाहिले पाहिजे, ही गोष्ट त्यानंतरच्या पुस्तिकांत हवी तेवढी उतरलेली दिसत नाही, आणि ही उणीव खेदाची आहे.

टोमॅटोचे उदाहरण थोडे जवळून पाहिले की मागे मोजणे म्हणजे काय ते स्पष्ट होते. टोमॅटोच्या फळधारणेला रात्री १५ ते २० अंश तापमान मानवते. दिवस ३५ अंशांच्या पुढे आणि रात्र २१-२२ अंशांच्या वर राहू लागली की परागकण निकामी होतात आणि फूल देठाच्या गाठीपाशी पिवळे पडून गळते. यातही एक बारीक मुद्दा आहे. परागकण तयार होण्याची प्रक्रिया फूल उमलण्यापूर्वी आठ ते तेरा दिवस चालू असते आणि उष्णतेचा सर्वाधिक घाव तेव्हाच बसतो; म्हणून आज झालेली फुलगळ ही आजच्या उन्हाची नसून मागच्या आठवड्यातील, डोळ्यांना न दिसणाऱ्या कळीच्या अवस्थेतील उन्हाची असते, आणि ती पाहून त्या दिवशी केलेली फवारणी बहुधा वाया जाते. पुण्याच्या पूर्वेकडे मार्चअखेर दुपार ३५ अंश ओलांडते असे धरले, तर पहिले घोस मार्चच्या मध्यापूर्वी धरलेले हवेत. लावणीपासून पहिल्या फुलापर्यंत महिना लागतो, म्हणून रोपे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जमिनीत गेली पाहिजेत. आणि थंडीत रोपवाटिकेतील वाढ मंदावत असल्याने रोप तयार व्हायला तीस-पस्तीस दिवस लागतात, म्हणून बी गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच पडले पाहिजे. ‘उन्हाळी टोमॅटो जानेवारी-फेब्रुवारीत लावावा’ या वाक्यात ही सारी साखळी दडलेली असते, पण वाचणाऱ्याला ती दिसत नाही आणि तो फेब्रुवारीअखेर बी टाकतो.

हाच हिशेब जुन्नर तालुक्यात वेगळे उत्तर देतो. तेथील पठारी भागात रात्री अधिक उतरतात, म्हणून फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, कित्येकदा मार्चमध्येही लावणी चालते आणि एप्रिलअखेरपासून नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची मोठी आवक सुरू होते. पण उशिराच्या लावणीला दुसरे एक संकट गाठते: कोरड्या उन्हात पांढरी माशी आणि मावा वाढतो आणि त्यांच्यामार्फत पाने आकसून टाकणारे विषाणू पसरतात. २०२० च्या उन्हाळ्यात फळांवर रंगांचे पट्टे पाडणाऱ्या, शेतकऱ्यांनी ‘तिरंगा’ असे नाव दिलेल्या रोगाने या भागात मोठे नुकसान केले. तेव्हा लावणीची तारीख तापमानापुरती मर्यादित राहत नाही. कोणत्या वयाचे रोप किडीच्या लाटेला सामोरे जाणार, हेही तिच्यातच ठरते.

कांद्याच्या बाबतीत पुणे जिल्ह्याचे स्थान आणखी महत्त्वाचे आहे, कारण कांदा व लसूण संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९९८ पासून राजगुरुनगरला आहे आणि तेथून बाहेर पडलेल्या ‘भीमा सुपर’, ‘भीमा शक्ती’, ‘भीमा किरण’ या जाती हंगाम डोळ्यांसमोर ठेवूनच निवडलेल्या आहेत. महाराष्ट्रात कांद्याचे तीन हंगाम चालतात. मे-जूनमध्ये रोप टाकून जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला तो खरीप कांदा, ऑगस्ट-सप्टेंबरात रोप टाकून सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेला तो रांगडा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोप टाकून डिसेंबर-जानेवारीत लावलेला तो रब्बी किंवा उन्हाळी कांदा, जो चाळीत भरून दिवाळीपर्यंत पुरवला जातो. या तिन्ही हंगामांच्या मुळाशी दिवसाची लांबी आहे. येथील जाती लघुदिवसी, म्हणजे अकरा-बारा तासांच्या उजेडावर गड्डा धरणाऱ्या आहेत. युरोपातील जातींना चौदा ते सोळा तासांचा दिवस लागतो, आणि तेवढा मोठा दिवस पुण्याला वर्षात एकदाही उगवत नसल्यामुळे त्या जाती येथे नुसती पात देत राहतात.

परंतु कांदा लावणाऱ्याला अधिक सतावते ती थंडी. रोप ठरावीक जाडीचे झाल्यावर त्याला सलग काही आठवडे १० ते १५ अंशांची थंडी मिळाली, तर ते गड्ड्याऐवजी फुलांचा दांडा काढते. त्याला डेंगळे येणे म्हणतात आणि डेंगळ्याचा कांदा टिकत नाही. रांगड्यात हा दोष अधिक दिसतो, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेले रोप डिसेंबरच्या थंडीपर्यंत बऱ्यापैकी वयात आलेले असते. उलट डिसेंबरअखेर लावलेले रोप त्या थंडीत अजून कोवळे असल्यामुळे तिची खूण त्याच्यावर उमटत नाही. रब्बी कांदा नोव्हेंबरात आगाप लावून बाजार लवकर गाठण्याचा मोह म्हणूनच धोक्याचा ठरतो. बियाणे, खत, पाणी सारे तेच असताना तीन आठवड्यांच्या फरकाने साठवणीचा कांदा बिघडतो, हे वेळेच्या महत्त्वाचे सर्वांत स्वच्छ प्रात्यक्षिक म्हटले पाहिजे.

मोसमी ढगांचा गारवा हाती धरून वेळच उलटी फिरवण्याची दोन उदाहरणे याच जिल्ह्यात आहेत आणि ती हवी तेवढी अभ्यासली गेलेली नाहीत. उत्तर भारतात वाटाणा आणि बटाटा ही थंडीची पिके आहेत. पुरंदर तालुक्यात मात्र सासवडच्या आसपासचा वाटाणा जूनच्या पावसावर पेरला जातो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पुण्याच्या बाजारात येतो, तर आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर बटाट्याचे बेणे पावसाच्या सुरुवातीला लावले जाते. बटाट्याला कंद धरण्यासाठी रात्र विसाच्या आसपास किंवा त्याहून थंड लागते, आणि पठाराची उंची, अखंड ढगाळ आभाळ व हलका, निचऱ्याचा पाऊस मिळून ही अट भर पावसाळ्यात पुरी करतात. तीच लावणी खाली भीमेच्या खोऱ्यातील भारी काळ्या जमिनीत केली तर बेणे कुजते. येथे शेतकऱ्याने दिनदर्शिका बाजूला ठेवून पिकाची गरज कोणत्या महिन्यात भागते ते पाहिले, आणि हंगामाचे नाव काय हा प्रश्न दुय्यम ठरवला.

फुलकोबीत हेच काम जाती करतात. कोणती जात किती तापमानाला गड्डा बसवते यावरून तिचे हळवे, निमगरवे आणि गरवे गट पाडलेले आहेत. हळव्या जाती २० ते २७ अंशांत गड्डा धरतात, तर ‘स्नोबॉल’सारख्या गरव्या जातींना १० ते १६ अंश लागतात. हळवी जात उशिरा लावली तर झाड लहान असतानाच बटणाएवढा गड्डा बसतो, आणि गरवी जात लवकर लावली तर नुसती पाने वाढत राहतात. मुळ्यातही ‘पुसा चेतकी’ उन्हाळा सोसते, तर ‘पुसा हिमानी’ थंडीची आहे. म्हणून बियाण्याच्या पुडीवर जातीचे नाव नसेल, तर तिच्यावर छापलेल्या लावणीच्या महिन्यांवर विसंबून काहीच ठरवता येत नाही. काकडी, दोडका, कारले या वेलवर्गात उष्णता आणि मोठा दिवस नर फुले वाढवतात. एप्रिलच्या अखेरीस पिवळ्या फुलांनी भरलेला, पण एकही फळ न धरलेला दोडक्याचा मांडव दिसतो तो यामुळे, आणि जानेवारीच्या उत्तरार्धात टोकलेल्या वेलाला हा त्रास पुष्कळ कमी होतो. भेंडी थंड मातीत उगवतच नाही, म्हणून तिच्यासाठी तीन-चार आठवडे थांबणे परवडते.

पालेभाज्यांचे आयुष्य इतके लहान असते की त्यांच्यासाठी हंगाम हा शब्दच मोठा पडतो. मेथी महिन्याभरात, कोथिंबीर पाच-सहा आठवड्यांत काढणीला येते, म्हणून ती वर्षभर लावली जाते आणि प्रत्येक लावणी पुढच्या चाळीस दिवसांच्या हवेवरचा एक डाव असतो. उन्हाळ्यात धणे पेरताना ते लाकडी फळीने रगडून दोन फाकी केले जातात, रात्रभर भिजवून ओल्या गोणपाटात उबवले जातात आणि मग सपाट वाफ्यात टाकून वर पालापाचोळ्याचे पातळ आच्छादन दिले जाते, कारण कोरड्या धण्याला फुटायला आठ-दहा दिवस लागतात आणि तेवढा वेळ तापलेल्या मातीचा वरचा थर ओला ठेवणे जवळपास अशक्य असते. उबवलेले बी हे दिवस निम्म्यावर आणते. उगवणीनंतर लांब दिवस आणि उष्णता मिळून रोपाला लवकर दांड्यावर ढकलतात, त्यामुळे मे महिन्यातील जुडी लहान, पाने विरळ आणि भाव चढा असतो.

हा भाव लावणीच्या वेळेच्या चर्चेत एक पेच उभा करतो. ज्या काळात लावू नये असे शास्त्र सांगते, त्याच काळात लावलेल्या मालाला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सर्वांत चांगला पैसा मिळतो, आणि शेतकऱ्याने शास्त्र मोडले तर ते अज्ञानातून मोडले असे समजणे अन्यायाचे आहे. जुलै २०२३ मध्ये देशभर टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला, त्यामागे ऐन उन्हाळ्यात भाव पडल्यामुळे अनेक फडांकडे झालेले दुर्लक्ष, उष्णता आणि विषाणूंचा मारा व त्यानंतरचा पाऊस ही कारणे एकावर एक साचलेली होती. शेडनेट आणि हरितगृह यांचा प्रसार याच पेचातून झाला; पन्नास टक्के सावली देणारी जाळी ही एका अर्थाने लावणीची तारीख तीन-चार आठवडे सरकवण्यासाठी मोजलेली किंमत आहे.

तारखेवरचा दुसरा बाहेरचा ताबा पाण्याचा. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची साठवण मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट असून तिच्यावर पुणे शहराची तहान आणि हवेली, दौंड, इंदापूरची शेती दोन्ही अवलंबून आहेत. कालव्याला ठरावीक दिवस पाणी सोडण्याला आवर्तन म्हणतात. उन्हाळी आवर्तन कधी आणि किती, हे धरणांतील साठ्यावरून वर्षावर्षाला ठरते, आणि रोप लावल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी लागणारे आंबवणीचे पाणी त्याच्या तारखेत बसले नाही तर फेब्रुवारीचा अचूक हिशेबही कोसळतो. विहीर किंवा शेततळे असणाऱ्याला वेळ निवडता येते. इतरांची वेळ कालवा निवडतो. एकोणिसाव्या शतकात मुठेचा कालवा निघाल्यावर पुण्याच्या पूर्वेकडे, हडपसर-मांजरीच्या पट्ट्यात माळव्याची बागायत फोफावली. महात्मा जोतीराव फुले यांचीही शेती मांजरीला होती, आणि ‘मांजरी गोटा’ या वांग्याच्या जातीने ते गाव आजही बियाण्याच्या दुकानात ओळखीचे ठेवले आहे. १९१७ मध्ये कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी ज्या पिंपळे सौदागर गावाच्या जमिनीचा आणि शेतीचा अभ्यास प्रसिद्ध केला, ते आता इमारतींनी भरले आहे. शहराच्या कडेची ही सखल बागायत आटत गेली तसे शहराचे माळवे पुरंदर, जुन्नर, खेड, आंबेगावच्या उंच भागांकडे सरकले, आणि त्याबरोबर पुणेकरांच्या भाजीचे वेळापत्रकही बदलले, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

स्वतः ऋतूही जागचा हलतो आहे. हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या व परतीच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतील परतीची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. पुण्याच्या बाजूने पाहता याचा अर्थ हस्ताचा पाऊस आता अनेकदा चित्रापर्यंत लांबतो आणि रांगड्या कांद्याच्या रोपवाटिका व रब्बी टोमॅटोची लावणी त्यात भिजते. उलट २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबई-पुण्यापर्यंत आला आणि शेतात काढून ठेवलेला उन्हाळी कांदा त्यात सापडला. ठरलेल्या तारखेवरचा विश्वास अशा वर्षांत महागात पडतो; मागे मोजण्याची पद्धत मात्र अशाच वेळी उपयोगी पडते, कारण आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, निघणारा जिल्हावार कृषिहवामान सल्ला हाती आल्यावर साखळीतील कोणता दुवा किती दिवसांनी सरकवायचा, हे तिच्यामुळेच कळते.

शहरातील गच्चीवरच्या बागा हा या आढाव्याचा लहानसा, पण सर्वांत विपरीत कोपरा आहे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो, त्यामुळे पुण्याच्या शेतीला वाचवणारी थंड रात्र गच्चीला पुरती मिळत नाही. थंडीच्या पहाटे पाषाण किंवा शिवाजीनगरच्या तुलनेत कोरेगाव पार्क, मगरपट्टा या भागांत किमान तापमान कित्येक अंशांनी अधिक नोंदले जाते, तोच भेद एप्रिलमध्ये टोमॅटोच्या फुलावर उमटतो. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत पश्चिमेच्या उन्हाने मातीच ४० अंशांच्या वर जाते आणि मुळे करपतात. गच्चीवरचा टोमॅटो म्हणून शेतातल्या तारखांवर लावून चालत नाही: त्याचे बी गणपतीच्या सुमारास टाकून रोपे दसऱ्याच्या आगेमागे मोठ्या कुंडीत न्यावीत, म्हणजे फुलोरा नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंड रात्रीत येतो आणि फळे फेब्रुवारीअखेर उतरवून होतात, त्यानंतर त्याच कुंडीत गवार किंवा चवळी टोकावी, भिंतीच्या सावलीत ती सरकवावी आणि पाणी सकाळी लवकर द्यावे, कारण दुपारी नळाच्या टाकीतले पाणीही मुळांना सोसवत नाही.